गणेशखिंडीत, घटकाभर

या मननासाठी डोळे मिटायची गरज नाही. उघडेच असू द्या. मांडी घालायचंही बंधन नाही. पुण्यात असाल तर विद्यापीठाच्या मुख्य इमारतीजवळ सावली बघून बसा. नसाल तर आहात तिथेच खुर्ची थोडी खिडकीकडे वळवा. मोबाइलचा आवाज बंद करून तो दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसता पालथा घातलेला मोबाइल जास्तच अस्वस्थ करतो.

आणि पहिली पाच मिनिटं एवढंच लक्षात घ्या, की तुम्ही बसला आहात. पाठ कशाला टेकली आहे, पाय जमिनीला लागले आहेत की नाहीत, इथून कुणी उठवील अशी धास्ती आहे का. नसेलच बहुतेक. हे काय सांगायचं, असं वाटेल. पण गणेशखिंडीतल्या या ४११ एकरांवर कुणी बसायचं, कुणी उभं राहायचं आणि कुणी आत पाऊलही टाकायचं नाही, हा प्रश्न दीडशे वर्षं पुन्हा पुन्हा आलेला आहे. तेव्हा बसणं हे आजच्यापुरतं गृहीत धरू नका.

आता समोरची इमारत मनातून काढून टाका. रस्ता, चौक, मेट्रोचे खांब, सगळं. उरते ती चतुःशृंगीच्या टेकड्यांची रांग, तिच्यातली खिंड आणि खडकीकडे उतरत गेलेलं माळरान. ५ नोव्हेंबर १८१७ च्या दुपारी या खिंडीच्या बाजूला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांची फौज उभी होती आणि समोर खडकीच्या अंगाला कंपनीची पलटण. पेशवे बाजीराव पर्वतीवरून बघत होते. संध्याकाळपर्यंत निकाल लागला, आणि बारा दिवसांत शनिवारवाड्यावर परकं निशाण चढलं. शाळेत हे दोन ओळींत शिकलो, परीक्षेत दोन गुणांना लिहिलं. आत्ता गुण मिळणार नाहीत, त्यामुळे जरा थांबायला हरकत नाही. एका दुपारचा अवधी, आणि त्यानंतर १३० वर्षं या जमिनीवर काय बांधायचं हे दुसऱ्यांनी ठरवलं.

त्यांनी घर बांधलं. इमारत परत जागेवर आणा, पण पाटी लावू नका अजून.

मुंबईच्या गव्हर्नराचा पावसाळी मुक्काम पुण्यात असे. आधी तो दापोडीच्या बंगल्यात असायचा. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांना तो बंगला पुरेसा वाटला नाही, आणि १८६४ मध्ये गणेशखिंडीत नवं गव्हर्न्मेंट हाउस उभं राहू लागलं. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. ती वर्षं कशी होती ते आठवा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचं वेड लागलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. घराचं काम मात्र चालूच राहिलं आणि १८७१ मध्ये पुरं झालं. खर्च इतका वाढला की त्यावर विलायतेत टीका झाली. म्हणजे सरकारी बांधकामाचा अंदाज आणि शेवटचं बिल यांचं न जमणं ही आपल्याकडे जुनी परंपरा आहे. तिचं श्रेय उगाच फक्त स्वतःकडे घेऊ नये.

सुमारे ऐंशी फुटी मनोरा बघा. लांब कमानींचे व्हरांडे बघा. आत मेजवानीचं दालन, नाचाचं दालन. हे सगळं एका माणसासाठी, वर्षातले काही महिने. इमारतीच्या पोटातून एक भुयारी वाट गेली आहे. पाहुण्यांच्या नजरेस न पडता नोकरांना ये-जा करता यावी म्हणून ती होती, असं सांगतात. वरचे लोक बसलेले आणि खालून वाकून चाललेले लोक. या दोघांमध्ये एक फरशी. मनाने एकदा त्या फरशीच्या वर बसून पाहा आणि मग खाली उतरून चालून पाहा. माझ्यापुरतं सांगतो, माझ्या खानदानाचा विचार केला तर मला वर बसण्याची कल्पनाच धड करता येत नाही.

आता १८९७ हे वर्ष. या मननात सर्वांत जास्त वेळ इथे काढायचा आहे, तेव्हा पाणी प्यायचं असेल तर पिऊन घ्या.

पुण्यात प्लेग आला आहे. माणसं गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत आहेत. सावित्रीबाई फुले ६६ वर्षांच्या आहेत. जोतिरावांना जाऊन सहा वर्षं उलटली. दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झालेला, त्याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात माळावर दवाखाना उघडला आहे. गावाबाहेर, मोकळ्या हवेत. सावित्रीबाई रोगी शोधत फिरतात आणि दवाखान्यात आणतात. मुंढव्याच्या महारवाड्यात एका मुलाला प्लेगाची गाठ आल्याचं कळतं. त्या जातात, त्याला पाठीवर घेतात आणि चालत दवाखान्यापर्यंत नेतात.

इथे थांबा. मुंढवा ते हडपसरचं अंतर आज रिक्षावाल्याला सांगितलं तर तो मीटर टाकून निमूट निघेल. पण ६६ व्या वर्षी, पाठीवर तापाने फणफणलेलं पोर घेऊन. मुलाचे हात गळ्याभोवती आलेले असणार, त्याचा श्वास मानेवर. आणि तो रोग श्वासागणिक पसरतो की स्पर्शाने, याची धड खात्री तेव्हा कुणालाच नव्हती. पिसवा आणि उंदरांचा उलगडा त्यानंतर व्हायचा होता. धोका आहे एवढं मात्र सगळ्यांना कळत होतं. मूल वाचलं, सावित्रीबाईंना लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

त्याच मार्चच्या मध्यावर रँड या इंग्रज अधिकाऱ्याची प्लेग समिती कामाला लागली. गोरे सोजीर घरोघरी शिरू लागले. रोगी शोधायचे, माणसं अलग छावणीत न्यायची, सामान बाहेर काढून जाळायचं. रोग हटवायला हवा होता, यात शंका नाही. तो ज्या रीतीने हटवला, देवघरात बूट गेले आणि बायकांची तपासणी झाली, ते पुणं विसरलं नाही. एकाच मार्च महिन्यात, एकाच रोगासाठी, रोग्याच्या घरात शिरण्याच्या या दोन रीती. एक दार ठोठावून पाठ पुढे करणारी. दुसरीबद्दल वेगळं सांगायला नको.

आणि मग २२ जून. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीच्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये सोहळा. लॉर्ड सँडहर्स्ट गव्हर्नर. याच मनोऱ्याखाली दिवे, याच व्हरांड्यांत पाहुणे, टेकड्यांवर जाळ पेटवलेले. शहराने तीनच महिन्यांपूर्वी माणसं पुरली आणि जाळली होती. रात्री बग्ग्या परत निघाल्या. गणेशखिंडीच्या रस्त्यावर ‘गोंद्या आला रे’ अशी आरोळी झाली, दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, त्यांचे भाऊ बाळकृष्ण यांनी मागच्या बग्गीतल्या आयर्स्ट या अधिकाऱ्यावर. आयर्स्ट तिथेच मेला, रँड ३ जुलैला. पुढच्या दोन वर्षांत तिघे चापेकर बंधू आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे येरवड्यात फासावर गेले.

आता या सगळ्यांना एकाच वेळी मनात उभं करा. दिव्यांच्या झगमगाटातला गव्हर्नर. रस्त्याकडेच्या अंधारातले चापेकर. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला साडेतीन महिन्यांपूर्वी गेलेली बाई. यांपैकी कुणाचंही दुसऱ्याशी पटलं नसतं. चापेकर इंग्रजांवर जितके चिडलेले तितकेच सुधारकांवरही. ब्राह्मणेतरांच्या आणि अस्पृश्यांच्या मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई त्यांच्या लेखी धर्म बुडवणाऱ्यांतल्या. सावित्रीबाईंनी तर इंग्रजी शिक्षणाचं स्वागत केलं होतं, पेशवाई गेल्याचं त्यांना दुःख नव्हतं. पुण्याच्या भाषणांमध्ये आपण हल्ली या सगळ्यांना एकाच हाराने बांधतो. या मननात ती सोय घेऊ नका. त्यांना आपापल्या जागी, एकमेकांकडे पाठ करून उभं राहू द्या. अवघड वाटेल. थोडा वेळ ते अवघडलेपण तसंच असू द्या.

एक आणखी. त्या रात्री जर कुणी मेजवानीच्या दालनात उभं राहून सांगितलं असतं की, हे घर पुढे एका माळणीच्या नावाने ओळखलं जाईल, तर ऐकणाऱ्याला ते नाव ऐकूनही माहीत नसतं. गोऱ्या पाहुण्याला नसतं हे ठीक. आमंत्रण मिळालेल्या कितीतरी नेटिव्ह पाहुण्यांनाही ते घ्यावंसं वाटलं नसतं.

मध्ये पन्नास वर्षं सोडून देऊ.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पुण्यातलं डेक्कन, फर्ग्युसन, स. प., सगळी कॉलेजं त्यालाच जोडलेली. पुण्याला आपलं विद्यापीठ हवं, ही मागणी जुनी. गंमत अशी की पुण्यातलं पहिलं विद्यापीठ खरं तर महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये बायकांसाठी काढलं होतं. ते पुढे मुंबईला गेलं आणि पुणेकरांच्या गप्पांतून निसटलं. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने कायदा केला आणि १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. सुरुवातीचे काही महिने कचेरी भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमध्ये होती, मग बिऱ्हाड गणेशखिंडीत आलं. पहिल्या वर्षी १८ महाविद्यालयं, आठ हजारांवर विद्यार्थी, बारा जिल्हे. १९६२ मध्ये कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० मध्ये जळगावचं. आता पुणे, नगर, नाशिक एवढा पसारा उरला. उरला म्हणायचं, पण विद्यार्थी मात्र काही लाखांच्या घरात.

त्या पहिल्या वर्षातलं एक दृश्य डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करा. याचा कुठे फोटो नाही, कल्पनाच आहे. नाचाच्या दालनात लाकडी टेबलं मांडली जात आहेत. शिपाई विचारतो, साहेब, कपाट कुठे ठेवू? आणि कुणीतरी सांगतं, ठेव तिथे, खिडकीखाली. मला राज्य बदलल्याचा याहून चांगला पुरावा सुचत नाही. घर रिकामं करून पाडलं नाही, जपून काचेत ठेवलं नाही. त्यात फायली आणल्या. त्या फायलींनी पुढे विद्यार्थ्यांना किती खेटे घालायला लावले, ही निराळी गोष्ट.

२०१४ मध्ये नाव बदललं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. सात-आठ वर्षांनी मुख्य इमारतीजवळ त्यांचा पुतळाही बसला. बोलण्यात लोक अजून नुसतं ‘विद्यापीठ’ म्हणतात, अर्जावर ‘एसपीपीयू’ लिहितात, आणि अमेरिकेत किंवा जर्मनीत गेलेली मुलं फॉर्मच्या चौकोनात अख्खं नाव बसत नाही म्हणून ते आखडून लिहितात. त्यात कुणाचा दोष नाही. पण आत्ता, एकटेच आहात तोवर, एकदा पूर्ण नाव सावकाश उच्चारा. आणि मघाचं, मुंढव्याहून निघालेलं चालणं त्या नावाच्या मागे येऊ द्या.

आता चला आवारात. मनाने चालायचं आहे, तेव्हा उन्हाची काळजी नाही.

‘जयकर’ला जाऊ. ग्रंथालयाचं अधिकृत नाव आता बरंच लांब झालं आहे, पण ‘कुठे चाललास?’ला उत्तर ‘जयकरला’ एवढंच. अभ्यासिकेत एखाद्या टेबलापाशी जवळ जाऊन बघा. पाठीला लावायची सॅक खुर्चीत ठेवलेली, तिच्या मालकाचा पत्ता नाही. टेबलावर पाण्याची बाटली, तिचं झाकण दुसऱ्याच कुठल्या बाटलीचं. राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक, पानापानावर पिवळा हायलाइटर, म्हणजे काहीच महत्त्वाचं नाही किंवा सगळंच आहे. वहीच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिलेलं वेळापत्रक, त्यात झोप पाच तास. कागदावर एम.ए. चालू आहे, खरा जीव एमपीएससीत. जाहिरात कधी निघेल हे कुणाला माहीत नाही. निघाली तर परीक्षा कधी, आणि परीक्षा झाली तर नियुक्ती कधी. या खुर्चीवर बसणारा मुलगा बीडचा असेल, परभणीचा, नंदुरबारचा. घरून महिन्याला पैसे येतात आणि फोनही येतो. फोनवर कुणी विचारत नाही, किती दिवस अजून. न विचारण्याचंच ओझं जास्त असतं.

त्या सॅककडे थोडा वेळ बघत राहा. ती एक जागा धरून आहे. पहाटे येऊन ती तिथे ठेवावी लागते, नाहीतर जागा जाते. हिच्यावरून भांडणं होतात, चिठ्ठ्या लिहिल्या जातात, प्रशासनाला निवेदनं दिली जातात. बाहेरच्याला वाटतं, एका खुर्चीसाठी काय हे. पण आपण मघापासून खुर्चीबद्दलच बोलत आहोत.

वसतिगृहातही तेच. ज्याच्या नावावर खोली नाही आणि जो मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहतो, त्याला या आवारात ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द कठोर आहे, पण तो ज्याला लावायचा तोच हसत स्वतःला लावून घेतो. ‘मी सध्या अमक्याकडे पॅरासाइट आहे.’ वॉर्डन तपासणीला आले की गादी कॉटखाली सरकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. माझ्या मते या विद्यापीठाचा कुणी प्रामाणिक इतिहास लिहिला, तर कुलगुरूंच्या यादीशेजारी पॅरासाइटांचं एक प्रकरण असायला हवं. कित्येक तहसीलदार, प्राध्यापक आणि पत्रकार त्या गादीवरून उठून गेलेले आहेत.

रिफेक्टरीत ताट घेऊन रांगेत उभे राहा. बाजूला ‘अनिकेत’मध्ये चहा. चहावर वाद: मार्क्स की आंबेडकर, दोघंही की आधी एक, मग नेटचा पेपर अवघड होता की आपणच कच्चे. सकाळी उन्हं चढायच्या आत ‘कमवा व शिका’ची मुलं-मुली बागेत काम करताना दिसतात. भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ही योजना. तासांचा हिशेब होतो, महिन्याला पैसे मिळतात, मेसचं बिल भागतं. ज्या गवतावर गव्हर्नराचे पाहुणे फिरले, ते आता एम.ए. भाग दोनची मुलगी कापते. त्यात कमीपणा वाटतो का, असं त्यांना विचारू नका. विचारायचंच तर तासाचा दर वेळेवर वाढतो का ते विचारा.

ललित कला केंद्रावरून जाताना थबका. आत कुणीतरी तबल्याचा एकच कायदा घोटत असतं, बाहेर झाडाखाली दोघं नाटकाचा एकच प्रवेश सातव्यांदा करत असतात. सतीश आळेकरांनी या केंद्राची धुरा बरीच वर्षं वाहिली. इथून निघालेली मुलं आज मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर जागोजागी भेटतात. पलीकडे ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था, जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभारलेली. इमारत चार्ल्स कोरियांची, आतल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन पुतळ्यांच्या रूपात. आवारात कुणाला निवांत जागा मिळाली असेल तर या चौघांनाच.

दुपार कलली की विभागांच्या व्हरांड्यांतून चक्कर मारा. एखाद्या दारावर नावाची पाटी असेल, एखाद्यावर नुसते खिळे. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, ही महाराष्ट्रातल्या सगळ्याच सार्वजनिक विद्यापीठांची रडकथा. वर्ग घेणारे कित्येकजण तासिका तत्त्वावर. पीएच.डी. झालेली, सेट-नेट झालेली माणसं, पस्तिशी ओलांडलेली, जूनमध्ये नेमणूक आणि उन्हाळ्यात घरी. ती वर्गात उभं राहून शिकवतात आणि स्टाफरूममध्ये कुणाची तरी रिकामी खुर्ची बघून बसतात. सॅक ठेवून जागा धरायची मुभा त्यांना नाही. इथे मनन वगैरे पुरत नाही, हे मला कबूल आहे. इथे पदभरती लागते.

आता परत या, जिथून निघालात तिथे. पाठ, पाय, टेकायची जागा. शेवटचं एक काम आहे आणि ते थोडं खासगी आहे.

तुमच्या घरात पदवीपर्यंत पहिल्यांदा कोण शिकलं? वडील, आजोबा, आत्या? त्या माणसाचं नाव चटकन आठवेल. त्याचा टोपी घातलेला फोटोही कुठल्या तरी भिंतीवर असेल. आता त्याच्या आधीच्या पिढीतली एक बाई आठवा, जिला शाळेत घातलं नाही किंवा चौथीतून काढलं. तिचं नाव काय? सासरचं नव्हे, माहेरचं. अक्षर येत होतं का तिला, की अंगठा? हिशेब कसा ठेवायची? पोराला शाळेत पाठवायचं हे घरात तिनेच लावून धरलं होतं का, की तिला कुणी विचारलंच नाही? घाईने उत्तर देऊ नका. बहुतेकांना माहेरचं नाव आठवत नाही, मलाही एका आजीचं विचारूनच कळलं.

नसेल आठवत तर ज्याला ठाऊक असेल असं एखादं माणूस अजून असेल. मावशी, चुलत आजी, गावाकडचे कुणी काका. मोबाइल दुसऱ्या खोलीतून आणा आणि फोन लावा. साडेचारनंतर लावा, त्याआधी म्हातारी माणसं झोपलेली असतात, आणि चहा झाल्यावर त्यांना नावं जास्त नीट आठवतात.